हिराकस आणि लव्हाळा

माझ्या एका लुगड्याच्या काठाजवळ चार तांबूस डाग आहेत. मैत्रिणी विचारतात, "हे कशाचे गं?" मी म्हणते, हिराकसाचे, शाईत घालतात त्या. मग हिराकस लुगड्यावर कसा आला ते सांगावं लागतं. ते सांगताना सखू येते, सखूमागून इस्माइलचाचा येतात, आणि चहा निवून जातो. डाग चारचेच चार राहिले, गोष्टी मात्र दर वेळी एखादी जास्तच निघते.

*

आमचे हे तेव्हा पोलादपूरला ओव्हरसियर होते. महाबळेश्वरला जाणारे साहेबलोक ज्या सरकारी बंगल्यात उतरत, त्याची देखरेख ह्यांच्याकडे. आमचं घर बंगल्याच्या मागेच. बंगल्यापुढे लॉन होतं. लॉन म्हणजे मूळची हरळी, पण पावसाळा सरला की आंबुटी, दुधी असलं तण आणि शेवाळ ह्यांच्यात ती शोधावी लागे.

झाडलोटीला रोजावर सखू होती. तिचा नवरा धर्मा मुंबईला एका जिमखान्यावर माळी. दासगावहून बोटीने जायचा तो शिमग्याला नाहीतर गणपतीला परत यायचा. त्या वर्षी दोन्ही सणांना आला नव्हता.

मोठे साहेब इन्स्पेक्शनला आले आणि लॉनवर छडी टेकून म्हणाले, "ओव्हरसियर, हे लॉन आहे की भाजीचा वाफा?"

ह्यांनी मान खाली घातली. साहेब म्हणाले, "दिवाळीनंतर मी पुन्हा येईन. तोवर हे नीट दिसलं, तर इथे कायमचा माळी मंजूर करतो."

सखू खांबाआड उभी होती. मोटार वळताच तिने ह्यांच्याकडून सगळं नीट समजून घेतलं आणि माझ्याकडे आली.

"वैनी, माळी कोन बी चालंल?"

"काम येणारा हवा."

"मंग आमच्या घरात हाय की येक."

*

धर्माला पत्रं मी लिहीत असे. त्या लोकांत नवरा-बायकोने एकमेकांना पत्र घालायची रीत नव्हती. धर्माचं पत्र ह्यांच्या नावाने येई, आणि त्यात 'गवताची खबर कळवावी' एवढंच असे.

"लिवा, आंबुटी लई झालीय," सखू सांगायची.

"बरं. आणखी?"

"शेवाळ बी हाय."

"तुझ्या मनातलं काही लिहू का?"

"त्येच तर सांगत्ये."

धर्माचं उत्तर आलं. त्याच्या चाळीतल्या कुणा मास्तरांनी सुरेख अक्षरात लिहिलं होतं. हिराकस कुटून वाळूत मिसळावा, एका घमेल्याला एक मूठ. पहाटेचं दंव असताना फेकावा. रुंद पानाला तो चिकटतो नि पान काळं पडतं. हरळीच्या पात्यावरून खाली घसरतो, आणि हरळी उलट जास्त हिरवी होते. पुढे दोन दिवस पाऊस नको. शेवटी होतं, 'लव्हाळा मात्र हिराकसाला दाद देत नाही. त्याचे कंद खणावे लागतात. एकाने खणायचं, एकाने वेचायचं. लव्हाळा दिसल्यास एकटीने हात लावू नये. कळवावे. मी येईन.'

शेवटची ओळ सखूने माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग बाहेर गेली आणि उन्हात सगळं लॉन वाकून वाकून पाहून आली.

"येक बी नाय, वैनी."

"बरंच झालं की."

"व्हय," ती म्हणाली. "बरंच झालं."

*

हिराकस आणायला मीच महाडला गेले. दुकानदार ओळखीचा. त्याने विचारलं, "किती देऊ?"

"पाच शेर."

"शाळा काढलीत की काय? एवढी शाई कुणाला?"

"शाई नाही. गवताला घालायचाय."

त्याने तागडी खाली ठेवली, आणि फार समजुतीच्या सुरात म्हणाला, "वैनी, गवताला गायी असतात."

*

एका मुठीने तण मरतं, तर तीन मुठींनी माणूस लवकर येईल, असा सखूचा हिशेब. तिने कोपऱ्यातल्या तुकड्यावर तीन मुठी टाकल्या. संध्याकाळपर्यंत आंबुटी काळी, शेवाळ काळं आणि हरळीसुद्धा काळी! वणवा लागून गेल्यासारखा तुकडा दिसू लागला.

ती त्या तुकड्याशेजारी बसून राहिली. मी जवळ गेले, तिच्या बाजूला ओल्या गवतावर बसले. लुगड्याचे डाग तेव्हाचे.

"मी घाई केली, वैनी."

मी म्हटलं, "हरळीची मुळी ती. अशी मरते का?"

"ती नाय मरायची," सखू म्हणाली. "पर दिवाळीच्या आत उठाया हवी."

पंधरा दिवसांनी उठली. ते पंधरा दिवस सखू रोज सकाळी आधी तिथे जाई आणि मग चुलीकडे. त्यानंतर ती मूठ इतकी मोजून भरी, की मला ताटात भात वाढतानासुद्धा लाज वाटे.

*

बंगल्याचे खानसामे इस्माइलचाचा महाडचे. कडक शिस्तीचे. पण त्यांची एक खोड होती, धुतलेले टेबलक्लॉथ दोरीवर न टाकता लॉनवर पसरायचे. गवतावर वाळलं की कापड पांढरं होतं, असं त्यांचं म्हणणं. एका सकाळी त्यांनी सवयीने चार पसरले. उचलले तेव्हा चारही तांबड्या ठिपक्यांचे झाले होते. लिंबू झालं, मीठ झालं. डाग हटेनात.

तेवढ्यात एक पाहुणे साहेब उतरले. टेबलावर बसताच विचारलं, "ये क्या है?"

"चाय गिरा, साब," चाचा म्हणाले.

साहेबांनी त्यांना यथेच्छ सुनावलं. चाचा हात बांधून ऐकत राहिले. मागाहून मी म्हटलं, "चाचा, खरं का नाही सांगितलंत? तुमचा काय दोष?"

"चहा म्हटलं तं माजी अब्रू उतरली वैनी, ती काय, रोजचीच हाय. गवताचं औषध म्हटलं असतं तं औषध बंद झालं असतं. मंग तिचा धनी येनार कसा?"

*

दिवाळी झाली. लॉन असं झालं, की मी त्यावरून चालायचं टाळू लागले. आणि साहेब यायच्या आदल्या दिवशी सखूचा भाऊ डोंगरावरच्या कुडपणहून हिरड्याची पोती घेऊन उतरला. महाडच्या बाजाराला निघाला होता. हिरडा दमट वाटला, बहिणीने एवढी साफ जागा करून ठेवलेली, म्हणून उन्हाची वाट न बघता त्याने पहाटेच सगळा हिरडा लॉनवर पसरला आणि पायांनी फिरवत बसला.

हिराकस नि हिरडा एकत्र आले की शाई होते, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक. त्याला मात्र गवतात हिराकस आहे हे ठाऊक नव्हतं. दंवात दोन्ही भिजलं. त्याचे तळवे काळे झाले, आणि पाणी प्यायला तो तसाच व्हरांड्यात चढला!

सखूने हिरडा वेचला, फरशी घासली. पावलं पुसट झाली, पण गेली नाहीत. साहेब आले, आणि पहिली नजर तिथेच.

"ये किसका पाँव?"

चाचा पुढे झाले. "साब, पहले यहाँ कोई थूकता भी नहीं था. अब लोग पहाड़ से लॉन देखने आते हैं."

साहेब हसले. मग लॉनवर उतरले आणि खाली बसून गवतावर हात फिरवत राहिले.

*

महिन्याने ऑर्डर आली. ह्यांनी मोठ्याने वाचली. जागा मंजूर. काम उत्तम झाल्यामुळे, सध्या काम करणाऱ्या बाईलाच त्या जागेवर कायम करण्यात येत आहे.

चाचांनी शिरा केला. सखूच्या हातात वाटी होती, ती तशीच राहिली.

"आनि तेंनी?"

"जागा एकच आहे, सखू," हे म्हणाले. "तुला मिळाली. कायम."

तिने माझ्याकडे पाहिलं. "कायम म्हंजे किती, वैनी?"

*

आठवड्याने ती पत्र घालायला आली. उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, "लिवा. लव्हाळा झालाय."

मी खिडकीतून पाहिलं. लॉन स्वच्छ होतं. मला खोटं लिहिता येत नाही, माझा तो स्वभावच नाही. मी म्हटलं, "सखू, नसलेलं मी लिहिणार नाही."

ती रागावली नाही. पदर खोचून उठून गेली. मला दिवसभर चैन पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर सखू लॉनवर. लुगड्याच्या ओच्यात सावित्री नदीच्या काठचा लव्हाळा, कंदासकट, मातीसकट. खुरप्याने हरळी बाजूला सारून ती एकेक कंद लावत होती, हात हात अंतरावर, आणि तांब्याने पाणी घालत होती. व्हरांड्यात चाचा किटली घेऊन उभे होते.

ओचा रिकामा झाल्यावर तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि माझ्या उंबऱ्याशी येऊन बसली.

"आता लिवा," म्हणाली.