मॉनिटर बंद होता, काम नव्हे

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी बिलं बनवायला लागले, तेव्हा आमच्या अख्ख्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली होते. घरचे नाशिकजवळ झेंडू पिकवणारे. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर, काम पाहून कायम करणार. मला कायम व्हायचंच होतं.

माझ्या आधीचा माणूस मॉनिटर दिवसभर तसाच चालू ठेवायचा. वर्षानुवर्षं एकच यादी पडद्यावर उभी. शेवटी ती काचेतच मुरली. दुसरं काहीही उघडा, मागे तिची अक्षरं दिसायचीच. म्हणून मला नवा मॉनिटर मिळाला. त्याच्यासोबतचं माहितीपुस्तक मी डिक्शनरी घेऊन वाचलं. त्या ऑफिसात ते उघडणारी मी एकटीच असणार. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, काम नसेल तेव्हा मॉनिटर बंद करा, जास्त टिकेल. मी करायला लागले. कॉम्प्युटर आतून चालूच, फक्त पडदा काळा.

एका दुपारी बिलं प्रिंटला लावली, मॉनिटर बंद केला आणि गोदामात माल मोजायला गेले. पाठवलं होतं आमच्या अकाउंटंट साहेबांनीच. परत आले तर ते आणि मोठे साहेब माझ्या टेबलापाशी उभे. शेजारी प्रिंटर खडखडत माझीच बिलं बाहेर टाकत होता, आणि मोठे साहेब काळ्या पडद्याकडे बोट करून म्हणाले, "भरदुपारी दुकान बंद?"

"सर, काम चालू आहे. फक्त मॉनिटर..."

"अहो मॅडम," अकाउंटंट साहेब हसत मध्ये पडले, "हा काय मळ्यातला बल्ब आहे, येता-जाता विझवायला?"

"आमच्या मळ्यात बल्बसुद्धा उगाच जळत नाही, सर. आणि गोदामात मला तुम्हीच पाठवलं."

ते छताकडे बघायला लागले. मी ड्रॉवरमधून पुस्तक काढून पुढे केलं. मोठ्या साहेबांनी हातही लावला नाही. "पुस्तकं वाचायचा पगार देतो का आम्ही?"

सहा महिने भरले तेव्हा पत्र हातात पडलं. 'जागेवर आढळत नाहीत. मुदत तीन महिने वाढवण्यात येत आहे.' मी सही केली आणि खाली लिहिलं, 'त्या वेळी मी अकाउंटंट साहेबांच्या सांगण्यावरून गोदामात होते.'

अकाउंटंट साहेब हळूच म्हणाले, "तेवढं खोडा हो. मी बोलतो तुमच्यासाठी वर."

"बोलायचं तेव्हा छत बघत होतात, सर."

नाही खोडलं. तीन महिन्यांनी कायम केलं, तेही बिलांचं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं म्हणून. चूक झाली, असं कुणी म्हणालं नाही. ते पत्र माझ्या फायलीत तसंच राहिलं. मी पुढे कितीतरी वर्षं तिथे राबले, आणि कागदावर मात्र मी जागेवर नव्हतेच. त्याचा राग मला आजही येतो, आणि यायलाच हवा.