पाडव्याच्या दिवशीचा कडुलिंब

"ज्या दाराला कडुलिंबाचा डहाळा, त्या घरात देवीचा रोगी," असं मी परदेशी डॉक्टरला छातीठोकपणे सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा आहे हे साफ विसरलो.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. जामखेड भागात लोक मला 'देवी डॉक्टर' म्हणत; म्हणजे डॉक्टर नव्हे, लस टोचणारा सरकारी माणूस. खरा डॉक्टर एका जागतिक संस्थेचा, जीप दुसऱ्या संस्थेची, लस तिसऱ्याच देशाने दिलेली. एवढ्या सगळ्यांनी कागद रंगवून जुळवून आणलेलं काम शेवटी माझ्या एका वाक्यावर येऊन टेकलं होतं.

सकाळी गावात शिरलो, तर घराघरावर गुढी आणि गुढीगुढीला कडुलिंब. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मोडक्या हिंदीत सण समजावला. त्याने टोपी काढून डोकं पुसलं आणि विचारलं, "रोगी असलेल्या घरीपण सण करतात?"

करत नाहीत. देवी घरात असताना चुलीवर कढईसुद्धा चढत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक. फक्त आठवण करून द्यायला परदेशातून माणूस यावा लागला.

मग आम्ही बिनगुढीचं घर शोधू लागलो. वेशीजवळ सापडलं. आत अंगभर फोड आलेली मुलगी, दारात तिची आई, कडेवर तान्हं बाळ. मुलीला औषध नव्हतंच; पण बाळाला आत्ता टोचलं तर ते वाचण्याजोगं होतं.

"देवी बसलीय घरात. सुई लावली तर कोपंल," बाई म्हणाली.

"कोपली तर माझ्यावर कोपू दे, ताई."

"मग आदी सोताला टोचून दाखवा की. लोकाच्या पोरांना टोचत हिंडता."

खरं सांगायचं तर, स्वतःच्या दंडाजवळ आलेली सुई मला बघवत नाही. डोळे गच्च मिटून बाही वर केली. डॉक्टरने टोचलं.

"लई भित्रं हाय वो तुमचं देवी डॉक्टर!" बाई डॉक्टरला म्हणाली, हसली, आणि बाळाचा दंड तिने पुढे केला.

पुढच्या फेरीला ते बाळ ओट्यावर रांगताना पाहिलं. मुलगीही वाचली, तोंडावर व्रण घेऊन.

त्या पाडव्याला घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि पुरणपोळ्या गार. बिनगुढीच्या घराची हकिगत मी रंगवून सांगितली. बायकोने सगळी ऐकून घेतली.

"गुढी तुम्ही उभारणार म्हणून मी थांबले, आणि तुम्ही पहाटेच जीपमध्ये बसलात," ती म्हणाली. "शेजारीण दोनदा विचारून गेली, तुमच्यात कोणाला देवी आल्यात का म्हणून."