गुरुजींनी भाजलेला राब

मोखाड्याचे गुरुजी तुरुंगात जायला कायम तयार असत. घोंगडी, तांब्या, टकळी आणि एक धोतर अशी वळकटी त्यांच्या दाराशी बांधलेली असे. अडचण एवढीच, की त्यांना कोणी पकडत नव्हतं. मोखाड्याच्या इंग्रजी हद्दीत त्यांनी दोनदा सत्याग्रह केला आणि दोन्ही वेळा संध्याकाळी जेवायला घरी आले. बाजारात लोक विचारत, “गुरुजी, अजून बाहेरच?”

मग ते हद्द ओलांडून जव्हार संस्थानात आले. दाभोशाजवळच्या पाड्यावर त्या वर्षी राबासाठी फांद्या तोडायला मनाई होती. फांद्या-पाला शेतात रचून भाजायचा आणि त्या तापलेल्या मातीत नागलीचं बी टाकायचं, ही तिथली शेती. गुरुजींनी सांगितलं, “एकेक फांदी तोडा आणि झाडाखाली बसा. पळू नका, हात उचलू नका.”

मी तेव्हा संस्थानच्या कचेरीत कारकून होतो. फौजदाराबरोबर पंचनामा लिहायला गेलो. शिपाई दिसताच पाडा पांगला. बसून राहिले दोघेच, गुरुजी आणि लखमी नावाची विधवा.

गुरुजींनी वळकटी काखेत मारली. फौजदार म्हणाला, “तुम्ही परक्या हद्दीतले. तुम्हाला चहा पाजून सीमेपलीकडे सोडायचा हुकूम आहे.” लखमीला मात्र धरलं.

ती गुरुजींना म्हणाली, “माजा राब मनाईआदीच रचून ठेवलाय. पावसाआदी कोन भाजेल?”

“मी भाजेन.”

“मंग ती घोंगडी दे. तुला नाय लागत.”

घोंगडी पंधरा दिवस तुरुंगात राहिली. गुरुजी चौथ्या दिवशी चोरून परत आले. शब्दाचे पक्के होते. राब वाऱ्याविरुद्ध पेटवतात, म्हणजे तो सावकाश जळतो आणि माती तापून गवताचं बी मरतं. गुरुजींनी वाऱ्याच्या बाजूने काडी लावली. सगळं भडकून घटकेत विझलं. माती थंडच राहिली.

लखमी सुटून आली. तिने मातीत बोटं घातली. “तू बसलेलाच बरा, गुरजी. तेवढं तुला येतं.”

पावसात नागलीपेक्षा गवत जास्त उगवलं. गुरुजी महिनाभर ते उपटत होते. तेव्हाही त्यांना कोणी पकडलं नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या सत्कारात त्यांनी तुरुंगवासाचा उल्लेख केला. तो घोंगडीचा होता, हे सांगायचं राहिलं. तरी मरेपर्यंत दरवर्षी राबाच्या दिवसांत ते पाड्यावर जात. लखमी त्यांना बांधावर तीच घोंगडी अंथरून द्यायची. काडेपेटी स्वतःजवळ ठेवायची.