साडूभाऊंचा राखोलीचा भुंगेरा

माझ्या साडूभाऊंइतकं बारीक बघणारा माणूस अख्ख्या दादरा-नगर हवेलीत नाही, आणि त्यांच्याइतकं कमी दिसणाराही नाही. तांदळाच्या कणीएवढ्या दोन भुंगेऱ्यांमधला फरक ते बसल्या बैठकीला सांगतात. पण डोकमर्डीच्या आमच्या सोसायटीत समोरून येणारा इसम मी आहे की मीटरचं रीडिंग घेणारा, हे मी तोंड उघडेपर्यंत त्यांना कळत नाही. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. ते दुसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही तिसऱ्या. एकदा स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माझ्या बायकोला त्यांनी, "फ्रिजमधली माझी किड्यांची बाटली लोणच्यामागे कुणी ढकलली?" म्हणून चांगलंच फैलावर घेतलं. ती वळली. साडूभाऊ जराही ओशाळले नाहीत. "बाहेरून सारख्याच आहात तुम्ही दोघी," म्हणाले आणि चहा मागितला. घरही आमचंच आहे, हे त्यांच्या लक्षात यायला तो चहा संपावा लागला.

सिल्वासात माणूस येतो तो कारखान्यासाठी, नाहीतर बदली होऊन. मी बदलीवाला. साडूभाऊही रत्नागिरीहून तसेच आले, सरकारी शाळेत विज्ञान शिकवायला लागले, आणि राहिले मात्र भुंगेऱ्यांसाठी. भुंगेरे म्हणजे आपल्या पोह्यांत निघतात ते नव्हेत. हे काळे, लांबट, नदीकाठच्या ओल्या वाळूत राहणारे. यांच्या पंखांवरची झाकणं इतकी आखूड, की धाकट्या भावाचा सदरा घालून निघाल्यासारखं निम्मं पोट उघडंच. हात लावला की शेपटीकडचा भाग विंचवासारखा वर करून दम देतात. यांच्या कितीतरी जाती बाहेरून अगदी एकसारख्या. फरक असतो तो फक्त नराच्या पोटात दडलेल्या एका अवयवात, आणि तो अवयव कुठला हे मी चारचौघांत सांगणार नाही. साडूभाऊ सांगतात. जेवणाच्या पंगतीत सांगतात, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातात घेऊन सांगतात. भुंगेऱ्याचं पोट सुईने उघडायचं, तो अवयव अलगद बाहेर काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं टोक बघायचं. टोक सरळ असेल तर एक जात, वाकडं असेल तर दुसरी. मादी हाती लागली तर मात्र सगळं मुसळ केरात. "मादीवरून ब्रह्मदेवालाही जात सांगता येणार नाही," असं ते खेदाने म्हणतात.

या नरापायी एकदा भलताच घोळ झाला. खालच्या मजल्यावरच्या धुळ्याकडच्या आजींनी सुनेचं डोहाळजेवण केलं. त्यांची जागा लहान, म्हणून बायकांची बैठक ताईंच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, हॉलमध्ये. सून हिरवी साडी नेसून, फुलांची वाडी भरून मधोमध बसलेली, ओटी भरणं चाललेलं. एवढ्यात आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि साडूभाऊ दोन्ही हात वर करून ओरडत बाहेर आले, "नर आहे! अहो, नर आहे!" मग आजींनी उठून त्यांच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. एक शिक्षिका बाई मात्र, "असं सांगणं गुन्हा आहे, सर," म्हणून गंभीरपणे बजावून गेल्या. पुढे सुनेला मुलगी झाली, छान गोंडस. आजी तिला खांद्यावर घेऊन जिन्यात भेटल्या की साडूभाऊंना अजून ऐकवतात, "सर, पोर व्हयनी ना! तुमनं मशीन दुरुस्त करी ल्या."

दुसऱ्यांदा त्यांनी संध्याकाळी सोसायटीच्या आवारात ताईंची नवी पांढरी चादर दोरीवर ताणून बांधली आणि तिच्यामागे मोठा बल्ब लावला. उजेडाला किडे येतात, ते टिपायचा बेत. पण किड्यांच्या आधी माणसं आली. तळमजल्यावरच्या गुजराती काकांनी विचारलं, "साहेब, पिच्चर छे के माताजीनो प्रोग्राम?" साडूभाऊ तंद्रीत "हो, हो" म्हणाले. बघता बघता खुर्च्या मांडल्या गेल्या, पोरं पुढे सतरंजीवर बसली, शेंगदाण्याच्या पुड्या सुटल्या. एवढा श्रोतृवर्ग साडूभाऊंना शाळेत कधी लाभला नव्हता. चादरीवर जो जो किडा बसेल त्याची त्यांनी ओळख करून दिली. लोकांनीही शेंगदाणे संपेपर्यंत ती ऐकून घेतली. ताईंना चादर परत मिळाली, पण पुन्हा अंथरायच्या लायकीची राहिली नव्हती.

ताईंनी हे सारं कसं निभावलं, ते त्याच जाणोत. साडूभाऊंना मात्र त्याची जाणीव होती, आणि त्याची फेड त्यांनी स्वतःच्या पद्धतीने करायची ठरवली होती. राखोलीजवळ दमणगंगेच्या काठी त्यांना एक भुंगेरा मिळाला होता. बाहेरून नेहमीच्या बोथट टोकाच्या जातीसारखाच, पण नराचा तो अवयव टोकाशी चांगला अणकुचीदार. असा कुठे नोंदलेला नाही, ही जात नवी आहे, आणि तिला ताईंचं नाव द्यायचं, हा त्यांच्या आयुष्याचा संकल्प झाला. निवृत्तीला चार-पाच वर्षं उरलेली, नंतर रत्नागिरीला परत जायचं, त्याआधी हे झालंच पाहिजे. त्यांनी ताईंना ही बातमी दिली तेव्हा मी तिथेच होतो.

"माझं नाव? किड्याला?" ताईंच्या हातातलं लाटणं थांबलं.

"नाव तुझंच. फक्त शेवटी लॅटिनची शेपटी लागेल."

"शेपटी! लोक बायकोला बांगड्या करतात. खबरदार माझं नाव घातलंत तर."

पुढची काही वर्षं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला हे गाऱ्हाणं सांगत होत्या. माहेरी सांगितलं, भिशीत सांगितलं. सगळ्या हसायच्या, आणि ताई अजून एकदा सांगायच्या.

यंदा थंडीत साडूभाऊ नदीच्या वरच्या अंगाला आणखी भुंगेरे गोळा करायला गेले, पुरावा भक्कम करायला म्हणून. रात्री आम्ही चौघं जेवायला बसलो तर ते भात नुसता चिवडत होते. मग म्हणाले, "ती जात वेगळी नाही." वरच्या अंगाचे नर निघाले होते ते ना धड बोथट ना धड टोकदार. सगळे ओळीने मांडले तर बोथटापासून टोकदारापर्यंत मधे कुठे रेघ मारायला जागाच उरत नव्हती. जात एकच, जुनीच, नोंदलेली. ते मधले नर कुणी पाहिले नव्हते. फेकून दिले असते तरी कुणाला पत्ता लागला नसता, असं मी म्हणूनही पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने आमटी वाढून घेतली.

ताई आता सुटकेचा निःश्वास टाकतील असं मला वाटलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. "म्हणजे आता माझं नाव नाही?" असं म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी बारीक होता. "पुन्हा एकदा बघा ना. एखादा तरी वेगळा असेल."

त्या रविवारी मी त्या दोघांना गाडीने राखोलीला नेलं. ताईंनी पदर खोचला, काठावरच्या वाळूवर ओंजळीने पाणी शिंपडलं. असं केलं की भुंगेरे धावत वर येतात. मग तोंडाने हवा ओढून किडा बाटलीत घ्यायची नळी ओठांत धरून त्या चक्क वाळूत ओणव्या झाल्या. कारखान्याची पाळी सुटून चाललेली पोरं थबकली. एकाने विचारलं, "क्या गिर गया, आंटी? अंगूठी?"

"कुछ नहीं भैया," ताई नळी काढून म्हणाल्या, "हमारा कीडा है." आजवर त्या "तुमचे किडे" म्हणत आल्या होत्या. साडूभाऊंनी चमकून वर बघितलं.

उन्हं उतरायच्या सुमारास ताईंनी एक बाटली पुढे केली. "हा बघा. हा मला वेगळाच दिसतोय." साडूभाऊंनी भिंग लावून बराच वेळ बघितलं. बाहेरून फार तर नर की मादी कळतं, जात नाही, हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मलाही पाठ आहे. आता सांगून टाकतील, या भीतीने मी नदीकडे तोंड फिरवलं.

"असू शकेल," साडूभाऊ म्हणाले.

ताई गाडीकडे गेल्यावर मी हळूच विचारलं, "खोटं बोललात?"

"छे," ते म्हणाले, "मादी आहे."

परतताना ताई पुढच्या सीटवर बसल्या होत्या, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा आला की बाटली दोन्ही हातांनी धरत होत्या.