पोळ्याचा मान आणि हॉलंडातला कैसर

जऊळक्याच्या स्टेशनावर मला पोचवायला सगळे आले होते, बाबा सोडून. म्हणजे आले तेही, पण बाहेर जीपमध्येच बसून राहिले. मानाच्या घरचा कर्ता माणूस कुणाला पोचवायला फलाटावर उभा राहत नाही, असा त्यांचा नियम. तो कुणी केला, कधी केला, ठाऊक नाही; बहुतेक त्याच सकाळी त्यांनीच केला असावा. माय मात्र गाडी हलली तरी खिडकीशी चालत होती. "तिकडं लय थंडी राह्यते मनतेत वं. डोक्याले बांधत जाय." अकोल्यापर्यंत मी रडले, अकोल्याला गरम भजी खाल्ली, आणि मग हॉलंडला आले.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे पुण्याला, हैदराबादला, दुबईला निघून गेलेल्यांनो, तुम्हा दोघांनाही हे सांगायचं आहे. यंदाच्या पोळ्याला माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि तो उतरवण्यात एका मेलेल्या जर्मन बादशहाचाही थोडा हात आहे.

आमचं गाव केनवडच्या पलीकडे, लहानसं. पोळ्याला सगळे बैल तोरणाखाली उभे राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची खोचक गाणी, म्हणून होतात, आणि मग पहिली जोडी सुटते ती मानाची. हा मान आमच्या घराचा. बाबांचे चुलतभाऊ दौलतकाका म्हणायचे की मान थोरल्या घराचा, आणि थोरलं घर त्यांचं. शेती ट्रॅक्टरवर गेली, गोठे रिकामे झाले, तरी बाबांनी एक म्हातारी जोडी त्या एका दिवसासाठी पोसली. एका पोळ्याला काठ्या निघाल्या. बाबांच्या डोक्याला टाके पडले, दौलतकाकांचा हात मोडला, आणि दोन्ही घरांचा उंबरा बंद झाला.

मी एकुलती एक. "माह्यामागं कासरा कोन धरन?" हे बाबा दर फोनवर विचारायचे, आणि मी मायला फोन द्यायला सांगायची. श्रावण संपत आला की फोन वाजताच हातातलं काम गळून पडायचं. आज बाबांचं डोकं फुटलं की काय, एवढंच मनात यायचं. इथे बियाण्यांच्या कंपनीत चांगली नोकरी, नवऱ्याचंही बस्तान बसलेलं. तरी घर विकत घ्यायचं आम्ही टाळत होतो. न जाणो, बोलावणं आलं तर?

मागच्या उन्हाळ्यात बाबा आणि माय इथे आले. मायला सायकलींचं नवल वाटलं. बाबांना धक्का बसला तो माझ्या ऑफिसात. आमचा सगळ्यात मोठा साहेब कॉफीच्या मशीनपुढे चौघांच्या मागे उभा होता आणि कुणी बाजूला होत नव्हतं. "याले कोनी वयखत नाई का?" बाबांनी हळूच विचारलं. ओळखतात, म्हटलं. त्यांना ते काही पटलं नाही.

एका रविवारी पाऊस होता, म्युझियम कार्ड पडून होतं, म्हणून त्यांना कैसरच्या घरी नेलं. मला काही शिकवायचं नव्हतं, खरंच. पहिलं महायुद्ध हरत आलं तेव्हा जर्मनीचा हा बादशहा रेल्वेत बसून हॉलंडात पळून आला. मागाहून त्याचं सामान आलं, डबेच्या डबे भरून: चांदी, तसबिरी, ढीगभर गणवेश. मेजाशी बसायला खुर्ची नव्हे, घोड्याचं खोगीर. राज्य गेलं, फौज गेली, घोडदौड तेवढी चालू. आणि दिवसभर काय करायचा? लाकडं फोडायचा.

बाबा त्या खोगिराभोवती फिरले. "मंग बोलावलं का त्याले कोनी वापस?"

नाही, म्हटलं. वीसहून जास्त वर्षं वाट पाहिली. राजेपद परत येईस्तोवर माझं मढंही जर्मनीत नेऊ नका, असं सांगून मेला. इथेच बागेत आहे.

"बाप्पा!" माय म्हणाली. "बायको काई बोले नाई का त्याले?"

घरी येताना बाबांनी बाकीच्या राजांचं विचारलं. मला शाळेतलं आठवत होतं, काही इथे वाचलं होतं. रशियाच्या झारने रेल्वेच्या डब्यातच सही करून गादी सोडली, पण फार उशिरा. पुढे बायकापोरांसकट त्याला गोळ्या घातल्या. ऑस्ट्रियाच्या शेवटच्या सम्राटाने मुकुट सोडला असं म्हणायलाच नकार दिला, दोनदा परत मिळवायला गेला, आणि दूर एका बेटावर छातीच्या आजाराने मेला. बेल्जियमचा राजा मात्र देशाचा चतकोर तुकडा उरला तरी सैन्यासोबत चिखलात राहिला. युद्ध संपल्यावर तो घोड्यावरून राजधानीत शिरला तेव्हा रस्ते माणसांनी भरले होते.

"त्याच्यासंगं मानसं होती," बाबा म्हणाले. मग खिडकीबाहेर पाहत बसले. मला वाटलं, झोप आली असेल.

यंदा पोळ्याच्या दुपारी मी ऑफिसात होते. व्हिडिओ कॉल आला तो दौलतकाकांच्या मुलाचा, गजूचा. त्या घरातून मला कधी फोन येत नाही. मी फोन घेऊन जिन्यात पळाले.

"ताई, पाह्य! पाह्य ना!"

तोरण दिसत होतं. बाबा पुढे उभे होते, म्हाताऱ्या जोडीचा कासरा धरून. त्यांनी बैल बाजूला घेतले. आमचा ढवळ्या नेहमीच्या सवयीने पुढेच ओढत होता. बाबांनी त्याला दोनदा मागे रेटलं. मग मागे वळून म्हणाले, "दौलत, हो पुढं."

दौलतकाका जागचे हलेनात. त्यांना वाटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे. झडत्या म्हणणारा तोंड उघडं टाकून उभा. "अरे हो ना बावा, बैल तापून राह्यले," बाबा ओरडले, तेव्हा कुठे काका तोरणाखालून गेले. जोडी घेऊन मारुतीकडे जायचं सोडून ते आधी आमच्या दारात आले. मायने बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी खाऊ घातली, पोळ्याची ओवाळणी, बोजारा म्हणून नोट ठेवली. काका दोन्ही हातांनी तोंड झाकून ओट्यावर बसले, असं गजूने सांगितलं. मी ऑफिसच्या जिन्यात बसून हमसाहमशी रडले. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. वाईट वाटतंय का, मी विचारलं.

"वाटते ना. काहून नाई वाटनार?" मग म्हणाले, "पन पोरी, आता सनाले ये. मानाच्या राखनीले नोको येऊ."

गाव म्हणजे इतकी वर्षं माझ्यासाठी एक भीती होती, आणि त्या भीतीलाच मी ओढ म्हणत होते. आम्ही इथे घर पाहायला लागलो आहोत. पुढच्या पोळ्याची रजाही मी टाकली आहे. या वेळी कुणी बोलावलेलं नाही. मलाच जावंसं वाटतंय.