शोषण नव्हे, उचल

सुलभा गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. 'शोषणाच्या ज्येष्ठ अभ्यासक डॉ. सुलभाताई यांचे निधन.' वाटलं, ही दुसरीच कुणी असेल... मग फोटो दिसला. आधी रडू आलं, पाठोपाठ संताप. ज्या शब्दाशी ही बाई जन्मभर भांडली, तोच तिच्या नावाला चिकटवून लोक मोकळे झाले होते.

परळच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी बरोबरच लागलो. उंदराचं फुप्फुस नळीला जोडून जिवंत ठेवायचं, त्यात नॉरअॅड्रेनलिन सोडायचं आणि पलीकडे किती उरलं ते बघायचं, हे तिचं काम. नॉरअॅड्रेनलिन म्हणजे रक्तदाब वाढवणारं, आपल्याच शरीरातलं द्रव्य. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी त्यातलं काही आत घेतात आणि मोडून टाकतात. नैराश्यावरच्या काही औषधांनी हे काम अडतं. नेमकं कुठे अडतं, याचा तिला ध्यास होता. या आत घेण्याला मराठीत सगळे 'शोषण' लिहीत, आणि सुलभाचं डोकं फिरे.

"शोषायला तो काय टिपकागद आहे? पेशी निवडून घेते गं. उचल म्हण, उचल."

आमचे विभागप्रमुख सर हसायचे. "बाई, उचल गिरणीत घेतात, पगाराआधी."

"घेऊ देत की. इथे फुप्फुस घेतं."

एकदा भोईवाड्यात तिच्या घरी जेवताना मी म्हटलं, काम अडतंच ना, मग कुठे अडलं याने काय फरक पडतो? ती भडकलीच. "ताटं उचललीच नाहीत आणि उचलून मोरीत तशीच ठेवली, हे एकच का? एक औषध उचलूच देत नाही. दुसरं उचलू देतं, पण मोडू देत नाही. मग ते पेशीत साठत जातं. दोन्ही एकच म्हणणाऱ्याने औषध देऊ नये."

शोकसभा दादरला झाली. एक पुढारी उठले. "शोषण रोखण्यासाठी ताईंनी आयुष्य वेचलं. कष्टकऱ्यांच्या बाजूने त्या ठाम उभ्या राहिल्या..." लोक माना डोलावत होते. आमच्या विभागाची माणसं पहिल्या रांगेत होती. त्यांना सगळं कळत होतं, पण एकानेही तोंड उघडलं नाही. याची चीड मला अजून येते. मी उठू लागले तशी सुलभाच्या बहिणीने माझा हात धरला.

"बस गं. चांगलंच बोलतायत ना तिच्याबद्दल."

"तिच्याबद्दल कुठे बोलतायत?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग हळूच हात सोडला. मी माईकपाशी गेले आणि उंदराच्या फुप्फुसापासून सुरुवात केली.