जप्त करण्यात येईल

आमच्या गल्लीत नगरपालिकेची रिक्षा भोंगा लावून यायची ती दम द्यायलाच. ‘नळाला मोटार लावल्यास मोटार जप्त करण्यात येईल!’ जप्त करणारा कोण, ते त्या वाक्यात कधीच नसायचं. आम्ही ऐकायचो आणि खुशाल मोटार लावायचो.

त्या उन्हाळ्यात गावात काविळीची साथ आली. शेजारच्या सुमनताईंची नात दवाखान्यात होती. एका सकाळी तीच रिक्षा आली आणि म्हणाली, ‘माता-भगिनींनो, हात जोडून विनंती आहे, पाणी उकळून प्या. घाबरून जाऊ नका.’

कळशी भरता भरता सुमनताई थबकल्या. “सरकार हात जोडतंय,” त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे त्यांच्याही हातात काही उरलं नाही की काय?”

दमाला आम्ही कधी भ्यालो नव्हतो. त्या विनंतीनं मात्र गल्ली गार पडली. भोंगा जसजसा मऊ होत गेला, तसतशी हातातल्या पेल्याची धास्ती वाटू लागली.

पुढे साथ ओसरली. एक दिवस रिक्षा पुन्हा गुरगुरली, ‘मोटार जप्त करण्यात येईल!’ सुमनताई नातीला कडेवर घेऊन दारात आल्या.

“ऐकलंस का गं?” त्या तिला म्हणाल्या. “त्यांनाही बरं वाटतंय आता.”